खाटेच्या उशाची दोन फूट जागा

आज आम्ही बोलणार आहोत एका अगदी लहानशा जागेबद्दल. खाटेच्या उशाकडे, झोपल्या झोपल्या हात लांब केला की जेवढं हाताला लागतं, तेवढीच ती जागा. फार तर दोन फूट. तिथे एक टेबल, भिंतीवर एक आरसा आणि एक दिवा. एवढ्याशा जागेवर अख्खा कार्यक्रम कशाला, असं आमच्याच गटातल्या काकींनी विचारलं. त्यांना आम्ही म्हटलं, काकी, ही गोष्ट निम्मी तुमच्याच घरची आहे, तेव्हा ऐका.

आमचा गट मालवणच्या बाजूचा. अकरा जणी. आपला सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून किनाऱ्याच्या गावांत पाहुणे येतात, राहतात, मासे खाऊन खूश होऊन जातात. आम्हीही गटाचं कर्ज घेऊन एका सदस्येच्या जुन्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या. भिंतींना रंग, नवी फरशी, शहरासारखा बाथरूम. पलंग, टेबलं, आरसे सगळं सुताराकडून करून घेतलं. खोलीत शिरलं की आमचं आम्हालाच कौतुक वाटायचं.

पहिल्याच मे महिन्यात एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुलं आणि आजी. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचं कोपर काळंनिळं झालेलं दिसलं. रात्री पाणी प्यायला उठल्या, अंधारात टेबल चाचपलं, टेबल उंच, तांब्याला हाताचा धक्का लागला, तांब्या खाली, पाणी फरशीवर, आणि दिवा लावायला दाराकडे जाताना त्याच पाण्यावरून पाय घसरला. नशीब, हाड वाचलं. माणसं सज्जन होती. पैसे पूर्ण दिले, आभार मानले. जाताना पाहुण्यांच्या वहीत मात्र एक ओळ लिहून गेली, ‘खोली स्वच्छ, जेवण उत्तम, रात्री काही सापडत नाही.’

ही ओळ आम्ही बैठकीत मोठ्याने वाचली. कोणी म्हणालं, शहरातल्या माणसांना सगळं हातात लागतं. कोणी म्हणालं, बॅटरी ठेवली असती तर झालं असतं. विषय तिथेच राहिला. मग श्रावणात काकींच्या सासूबाई त्यांच्या घरी पडल्या. तसंच, रात्री उठताना, अंधारात. या वेळी मात्र खुब्याचं हाड मोडलं. गोव्याला न्यावं लागलं, ऑपरेशन झालं. काकींना तीन महिने घर सोडता आलं नाही, स्वयंपाकाच्या पाळ्या चुकल्या, त्यांचे हप्ते आम्ही सगळ्यांनी मिळून भरले. आजी आता वॉकर धरून चालतात.

तेव्हा कुठे आम्ही टेप घेऊन खोलीत गेलो.

पण टेपच्याही आधी केलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती सगळ्यांत कामाची ठरली. बैठकीत कोणीतरी विचारलं, आपल्यातलं कोण त्या पलंगावर झोपलंय? सगळ्या गप्प. चादरी आम्ही बदलल्या होत्या, उशा झटकल्या होत्या, पण पाठ टेकून तिथे कोणीच झोपलं नव्हतं. पाहुण्यांचा पलंग म्हणजे आपण कडेला बसायचीसुद्धा चोरी. मग ठरलं की दोघी-दोघींनी पाळीने एक रात्र तिथे झोपायचं आणि सकाळी काय काय टोचलं ते सांगायचं. घरी सांगताना काय कसरती झाल्या ते रेडिओवर नको. आमच्यातल्या दोघी लग्नानंतर पहिल्यांदाच माहेर सोडून दुसऱ्या कुठल्या घरी झोपल्या. रात्री बारापर्यंत हसण्याचे आवाज येत होते, असं शेजारी सांगतात.

सकाळी मात्र यादी लांबलचक झाली. टेबल उंच. दिव्याचं बटण दाराशी, म्हणजे दिवा मालवला की अंधारात चालत पलंगावर यायचं. वरचा बल्ब थेट डोळ्यांत. समोरच्या आरशात खिडकीच्या पडद्याची हालचाल दिसून एकजण दोनदा दचकून उठली. आणि आरशात, एकीच्या शब्दांत, “माका फकत माझो भांग दिसता.”

आता एकेक घेऊ. आधी टेबल.

उशाच्या टेबलाची उंची खाटेवर ठरते. आमच्या सुतारदादांनी टेबल ३० इंच उंच केलं होतं, कारण ते आयुष्यभर मुलांची अभ्यासाची टेबलं करत आलेत. खुर्चीवर बसून लिहायला ती उंची बरोबर आहे. आमचा पलंग मात्र १४ इंचांचा, वर ४ इंचांची गादी, म्हणजे १८ इंच. त्यावर माणूस झोपलं की गादी इंचभर दबते. झोपलेल्या माणसाचा हात आडवा जातो. टेबल गादीच्या पातळीला असेल तर तो हात सरळ टेबलावर पोचतो. टेबल फूटभर वर असेल तर आधी कोपर उचलायचं, मग न बघता वरून हात टाकायचा, आणि तिथेच तांब्या आडवा होतो. टेबल फार खाली असेल तर पलंगाच्या कडेबाहेर वाकावं लागतं, आणि म्हातारं माणूस वाकताना तोल जाऊन पडतं. म्हणून गादीवर कोणालातरी बसवून, दबलेल्या गादीची जमिनीपासूनची उंची मोजा. टेबलाचा माथा त्या उंचीला असावा, किंवा दोन इंच वर. इतकंच.

कापसाची गादी असेल तर वर्षा-दीड वर्षाने पुन्हा मोजा. ती बसत जाते. नव्याने पिंजून भरली की फुगते. टेबल करायचं तर मधली उंची धरावी.

आम्ही टेबलांचे पाय कापून घेतले. सुतारदादा नाराज झाले, म्हणाले, “बायांनी माझ्या टेबलाचा पाट केला.” खरं सांगायचं तर पाय कापल्यावर ते जरा बसकं दिसतंच. माथा २४ इंच रुंद आणि उंची १८, म्हणजे चौरंगासारखा आकार. दुसऱ्या खोलीचं टेबल मग नव्याने केलं तेव्हा माथा १८ इंच रुंद आणि १५ इंच खोल ठेवला, आणि ते नजरेला बरं दिसलं. पाच फुटी पलंगाला दीड फुटाचं टेबल शोभतं. तीन फुटी खाटेला फूट-सव्वा फुटाचं पुरे. त्याहून रुंद केलं की खाटच लहान दिसू लागते आणि चालायची वाट जाते ती वेगळीच. आमची खोली १० फूट बाय १२ फूट. १० फुटी भिंतीला मधोमध पाच फुटी पलंग लावला तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. टेबल भिंतीला टेकवून फक्त उशाकडे ठेवलं की पायाकडची सगळी वाट मोकळी राहते. टेबल आणि पलंग यांत दोन बोटं अंतर सोडा. चादर खोचायला हात गेला पाहिजे, मच्छरदाणीची कडही तिथूनच गादीखाली जाते.

टेबलाला खाली सहा इंच मोकळे पाय हवेत. झाडू आत गेला पाहिजे. खोक्यासारखं जमिनीला टेकलेलं टेबल दिसायला भरीव दिसतं, पण त्याच्या मागे पावसात काय काय येऊन बसतं ते कोकणातल्या बाईला सांगायला नको. कोपरे कानशीने गोल करून घ्या. आणि माथ्याला तिन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाची पट्टी मारून घ्या. चष्मा, गोळ्यांचं पाकीट, आजोबांची कवळी, यांतलं काही रात्री घरंगळून खाली जात नाही. फक्त पलंगाकडची बाजू मोकळी ठेवा. ही पट्टी आमच्या सगळ्या खर्चातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट.

लाकडाबद्दल दोनच शब्द. फणस, शिवण, साग, जे घरी पडून असेल ते वापरा. साधं प्लायवूड आमच्याकडच्या पावसाळ्यात फुगतं, खण अडकतात, मग ओढताना सगळं टेबल हलतं. प्लाय घ्यायचंच तर उकळत्या पाण्याला टिकणारं मागा.

आणि हे सगळं पाहुण्यांसाठी झालं. घरी काय करायचं? घरकुल योजनेतलं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. त्यात स्वयंपाकघरही आलं. तिथे टेबलाला जागा कुठली? अशा घरात आम्ही सांगतो, टेबल करूच नका. दोन लोखंडी ब्रॅकेटांवर फूटभर लांब, आठ-नऊ इंच रुंद फळी गादीच्या उंचीला ठोका. खाली जमीन मोकळी, झाडू फिरतो, पोरं डोकं आपटत नाहीत. आंब्याची जुनी लाकडी पेटी उभी करून चालते, पत्र्याची ट्रंकही चालते. उंची तेवढी मोजून बघा, कमी पडली तर खाली फळीचा तुकडा द्या. आमच्यातल्या एकीने शिलाई मशीनच वापरलं होतं. त्यावर तांब्या ठेवू नका एवढंच म्हणू.

आता आरसा. यावर आमच्यात सगळ्यांत जास्त वाद झाले.

आपल्या घरांत आरसा कोण टांगतं? खिळा ठोकणारा. तो स्वतःच्या दाढीच्या उंचीला टांगतो. मग घरातल्या बायका टाचा उंचावून टिकली लावतात, आणि सवयीने त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही. पाहुण्यांच्या खोलीत आम्ही पहिल्यांदा उभा लांब आरसा लावला, तेव्हा साफसफाईला गेलेली प्रत्येकजण तिथे दोन मिनिटं रेंगाळायची. आमच्यातल्या पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या, मी स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत फक्त साडीच्या दुकानात बघितलंय, तेही खांद्यावर दुकानातलीच साडी टाकून. मग स्वतःच्या नेसूकडे खाली बघून म्हणाल्या, अगं, मागची बाजू इतकी वर असते होय? वीस वर्षांत कोणी सांगितलं नाही!

तर हिशेब असा. उभं राहून पूर्ण दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. पूर्ण उंचीचा लागत नाही. पाच फुटांची बाई म्हणजे ६० इंच, तिला ३० इंचांचा आरसा पुरे. पण तो बरोबर जागी हवा. तिचे डोळे जमिनीपासून साधारण ५६ इंचांवर. आरशाची खालची कड डोळ्यांच्या निम्म्या उंचीला, म्हणजे २८ इंचांवर. वरची कड डोळे आणि माथा यांच्या मध्ये, म्हणजे ५८ इंचांवर. २८ ते ५८, झाले ३० इंच. याच आरशात पाच फूट आठ इंचांच्या पुरुषाचा माथा कापला जाईल. त्याला ३२ ते ६६ इंच हवा. दोघांना एकच आरसा हवा असेल तर खालची कड तिची आणि वरची त्याची धरा, २८ ते ६६, म्हणजे ३८ इंच. आम्ही ४० इंच उंच आणि १५ इंच रुंद कापून घेतला.

मागे सरकलं की आरशात जास्त दिसतं, असं आम्हालाही वाटायचं. सपाट, सरळ टांगलेल्या आरशात तसं होत नाही. विश्वास बसत नसेल तर घरच्या आरशात जिथे तुमचा कंबरपट्टा शेवटचा दिसतो तिथे टिकली चिकटवा आणि दहा पावलं मागे जा. चित्र लहान दिसेल, पण टिकलीशी कंबरच असेल. आमच्या बैठकीत ही टिकली चिकटवून आकराच्या आकरा जणी मागेपुढे चालल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, काहीतरी नाचाचं चाललंय.

पण उशाच्या टेबलावर कुठला आरसा? आधी ठरवा, उभं राहून बघायचा की बसून. टेबलाच्या वर लांब आरसा लावला तर टेबलावरचा तांब्या पायांच्या आड येतो. म्हणून लांब आरसा आम्ही बाजूच्या भिंतीला, कपाटाजवळ लावला आणि टेबलावर लहान, बसून बघायचा. पलंगाच्या कडेला बसल्यावर आमच्या डोळ्यांची उंची मोजली तर ४३ ते ४५ इंचांच्या मध्ये आली. तोच आरशाचा मध्य. १८ इंच उंच, १४ इंच रुंद आरसा, खालची कड ३५ ला, वरची ५३ ला. रुंदी टेबलापेक्षा कमीच हवी. टेबल १८ चं, आरसा १४ चा, म्हणजे टेबलाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास. टेबलाहून रुंद आरसा लावला की सगळं वरून कोसळतंय असं दिसतं. आम्ही एकदा लावून बघितलंय.

झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर मात्र आरसा टांगू नका. चार मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस फुटाला जवळपास एक किलो. आमचा मोठा आरसा चार किलोंच्या घरात जातो, चौकट वेगळी. चिऱ्याच्या भिंतीत एकटा खिळा हळूहळू सैल होतो. दोन बाजूंना दोन भोकं पाडून, त्यात लाकडाच्या खुंट्या ठोकून, त्यांत स्क्रू बसवा.

आमच्या हवेत आरशाला कडेने काळे डाग पडतात. काचेच्या मागचा चकचकीत थर ओलीने खराब होतो. तेव्हा पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला आरसा लावू नये. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराचे जाड तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते. पुसताना पाणी आरशावर शिंपडायचं नाही, ते ओघळून खालच्या कडेत शिरतं. फडकं ओलं करून पिळून घ्यायचं. आणि आरसा विकत घेताना दुकानात चार पावलं बाजूला सरकत त्यात समोरच्या खिडकीची उभी कड बघा. ती वाकडी-तिकडी हलली तर काच लहरी आहे, घेऊ नका.

पलंगासमोर आरसा असावा की नसावा, हे आम्हाला फार जणी विचारतात. कोणी वास्तूचं सांगतं, कोणाच्या घरी रात्री आरशावर कापड टाकायची पद्धत आहे. ज्याची जी श्रद्धा. आमचं म्हणणं आमच्या रात्रीच्या मुक्कामावरून. अर्धवट झोपेत उठलेल्या माणसाला समोर काहीतरी हललेलं दिसतं आणि ते दचकतं. म्हातारी माणसं तर फारच. म्हणून समोरचा आरसा आम्ही काढून बाजूला नेला.

आणि दिवा. इथे मात्र घाई करू नका, कारण आजी पडल्या त्या इथेच.

खोलीत एकच दिवा, तोही छताला, अशी आपली पद्धत. उशाजवळ खरं तर दोन वेगळ्या कामांचे दोन दिवे लागतात. एक वाचायला, औषध बघायला, बाळाला पाजायला. दुसरा नुसता रात्री पाय कुठे टाकतोय ते दिसायला.

पहिल्याला ५ वॅटचा एलईडी बल्ब भरपूर झाला. ९ वॅटचा आपण छताला लावतो, तो उशाशी टोचतो. रंग पिवळसर घ्या. खोक्यावर आकडा असतो, २७०० किंवा ३००० लिहिलं असेल तो पिवळसर, ६५०० लिहिलं असेल तो दुधी पांढरा. पांढरा स्वयंपाकाच्या ओट्यावर चांगला, उशाशी नको, झोप उडवतो. उंची अशी ठेवा की पलंगावर बसल्यावर बल्ब उघडा दिसणार नाही, म्हणजे शेडची खालची कड आपल्या बसलेल्या डोळ्यांच्या पातळीला. वर सांगितलेला ४४ इंचांचा आकडा इथेही चालतो. टेबलावर दिवा ठेवला की टेबलाची जागा खातो आणि वायर लोंबते, म्हणून आम्ही भिंतीलाच लावला. शेड चिवारीच्या कामट्यांची गावातच विणून घेतली. एलईडी फारसा तापत नाही म्हणून ती चालते. त्यात जुना तारेचा बल्ब लावू नका, शेड जळेल.

दिवा आरशाच्या बाजूला हवा. आपल्या चेहऱ्यावर उजेड पडला तर चेहरा दिसतो. आरशावर उजेड पाडून काही उपयोग नाही. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि तरणीताठी बाई आजारी दिसते. दिवा लावून झाला की एकदा दोन्ही बाजूंना झोपून बघा. आरशातून बल्ब डोळ्यांत येत असेल तर आरसा चार बोटं सरकवा.

बटण. वायरमनला सांगा, टू-वे बटण हवं. एक दाराशी, एक उशाशी, कुठूनही लावा, कुठूनही मालवा. उशाचं बटण गादीपासून सहा-आठ इंच वर असावं, म्हणजे मच्छरदाणीतून हात काढला की लागतं. बोर्डाला अर्थिंग आहे ना ते तपासून घ्या, आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवला नसेल तर बसवा. उशाशी पाणी असतं, ओला हात असतो. चटईखालून वायर नेऊ नका. फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवायची सवय मुलांची मोडा, फोन टेबलावर ठेवा, टेबल त्यासाठीच आहे.

आता दुसरा दिवा, ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणतो. काकींच्या घरी तो होता. पण सासूबाई रोज मालवायच्या. वीज जळते. त्यांचं चूक नव्हतं, जुना तारेचा झिरो नावालाच झिरो, तो १५ वॅटच्या आसपास खायचा. रोज दहा तास म्हटलं तर वर्षाला जवळपास ५५ युनिट. आताचा एलईडी झिरो अर्ध्या वॅटचा मिळतो. दहा तास जळला तर वर्षभरात दोन युनिटसुद्धा होत नाहीत. आम्ही हा हिशेब पाटीवर मांडून आजींना दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मगे दिवसाचो पण पेटतो रवांदे.”

हा दिवा खाली लावायचा. गादीच्या पातळीखाली, जमिनीपासून फूटभरावर, पलंग आणि दार यांच्या मधल्या वाटेवर उजेड पडेल असा. वर लावला तर डोळ्यांत येतो आणि माणसं तो मालवतात. खाली असला की झोपलेल्याला दिसतच नाही, फरशी मात्र दिसते. फरशीवर पडलेलं पाणी दिसतं, उंबरा दिसतो. आणि आणखी एक. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश दुखतही नाही फारसा, म्हणून कळायला उशीर होतो. फुरसं तर आपल्याकडे घराच्या आसपास असतंच. उजेडाने साप येत नाही असं नाही, पण पाय टाकायच्या आधी बघता येतं. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, आणि चप्पल झटकून घाला. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवरचं औषध एकच असतं.

वीज जाते तेव्हा काय? पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस जाते. बॅटरीवर चालणारा बल्ब साध्या होल्डरमध्ये बसतो, वीज गेली की आपोआप काही तास जळत राहतो. शिवाय टेबलाच्या पलंगाकडच्या बाजूला एक हुक मारून त्याला बॅटरी टांगा. टांगायची, ठेवायची नाही, ठेवलेली बॅटरी घरात फिरायला जाते. मेणबत्ती किंवा रॉकेलची चिमणी मच्छरदाणीजवळ, टेबलावर, कधीही नको. दाणीने पेट घेतला तर आतल्या माणसाला बाहेर यायलाही वेळ मिळत नाही.

काकींच्या घरी आता आजींच्या खाटेला फळी आहे, खाली दिवा आहे, आणि फळीवर हातात धरायचा छोटा आरसा. तो त्यांनी स्वतः मागून घेतला. कुंकू सरळ लागतंय की नाही ते बघायचं होतं.

पुढच्या वेळी आपण गाद्यांबद्दल बोलू, कापूस, काथ्या आणि फोम. त्याआधी एक काम करा. आपल्या घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाच्या खाटेशी जा आणि तीन आकडे लिहून आणा. दबलेल्या गादीची उंची, तिथून दिव्याच्या बटणापर्यंत किती पावलं, आणि घरातल्या सगळ्यांत बुटक्या बाईचे डोळे जमिनीपासून किती इंचांवर. टेप नसेल तर ग्रामसंघाच्या कपाटात दोन आहेत. वहीत सही करून न्या, आणि कृपा करून परत आणा.